शेवटच्या फोटोचा आवाज

“कोण खरं मानणार नाय, पण सांगतो,” असं म्हणून भिकाजीने खुर्ची पुढे ओढली, तेव्हा हॉलात बसलेल्या महाडकरांनी एकमेकांकडे बघून घेतलं. महाडात या वाक्याची ख्याती होती. या वाक्याच्या मागोमाग कुडपणच्या पठारावरचा बिबट्या टेपरेकॉर्डरपुढे बसकण मारून बसला होता आणि कॅसेटची एक बाजू संपल्यावर गुरगुरला होता, दुसरी लाव म्हणून. याच वाक्याच्या मागोमाग वीर स्टेशनातली गाडी भिकाजीने तोंडाने काढलेल्या शिट्टीवर सुटली होती आणि गार्ड हातात चहाचा ग्लास घेऊन फलाटावर राहिला होता. पण पोलादपूरची मंडळी, म्हणजे नवऱ्याकडची, यातलं काहीच जाणत नव्हती. वलीम्याचं, म्हणजे निकाहानंतरच्या नवऱ्याकडच्या मेजवानीचं, जेवण उरकलं होतं. मौलवीसाहेब पान तोंडात घालून निघून गेले होते, त्यांच्यादेखत पडद्यावर फोटो दाखवायला कुणी धजलं नसतं. खिडक्यांना घोंगड्या आणि सतरंज्या लावून भर दुपारी अंधार केला होता, आणि मधोमध ताणलेल्या कनातीच्या एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष, असे सगळे समोरच्या पांढऱ्या चादरीकडे तोंड करून बसले होते. नवरीचे, म्हणजे माहरुखचे, अठ्ठावीस फोटो सुरळीत येऊन गेले होते. “आता जो फोटो येईल,” भिकाजी म्हणाला, “तो हिच्या बापाचा. एकोणीस वर्षं झाली त्याला परमुलखात मातीआड होऊन. आणि तो आता तुमच्याशी बोलणार हाय. स्वतःच्या तोंडाने.” कनातीपलीकडे बांगड्यांचा आवाज थांबला. भिकाजीने बटण दाबलं. चादरीवर अजमल आला. कुरळे केस, मोठ्या कॉलरचा शर्ट, पाठीमागे स्टुडिओतला रंगवलेला धबधबा. त्याच्या कोपराखाली, अगदी कडेला, कर्ण्याचं एक छोटंसं करडं चित्र होतं. अजमल हसत होता. प्रोजेक्टरचा पंखा घुरघुरत होता. बाहेर घाट उतरून आलेला एक ट्रक ब्रेकची हवा सोडत गेला. आणि अजमल बोलला नाही.

भिकाजीच्या पोटात एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे धस्स झालं, ते व्हायलाच हवं होतं. तीस वर्षं आवाजाच्या धंद्यात घालवलेल्या माणसाला गप्प बसलेल्या यंत्रापुढे जे होतं ते. पण त्या धस्सच्या खाली, तळपायाखालून वाळू सरकावी तसं, काहीतरी गार आणि सुटल्यासारखं वाहून गेलं, आणि ते काय होतं हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही. बोट अजून माऊसवर होतं. माऊसवर कुणाच्या तरी बिर्याणीचं तूप लागलं होतं. काय बिघडलंय ते त्याला त्याच क्षणी कळलं होतं, वैद्याला दारातूनच आजार कळावा तसं. हा जो प्रेझेंटेशनचा प्रोग्राम असतो, तो फोटो पोटात घेतो, पण मोठा आवाज पोटात घेत नाही. आवाज कुठे ठेवलाय त्याचा नुसता पत्ता लिहून घेतो. महाडच्या कॉम्प्युटरवर आवाज ज्या घरात होता, तेच घर तो पोलादपूरच्या कॉम्प्युटरवर शोधत होता, आणि इथे तसं घरच नव्हतं. गेल्या तीन वर्षांत भिकाजीने ही गोष्ट निदान पन्नास जणांना शिकवली होती. निवृत्तीचे समारंभ, बारशी, शाळेचं स्नेहसंमेलन, पुण्यानुमोदन, जो कुणी फोटोंचं पाकीट घेऊन यायचा त्याला तो आधी बसवून सांगायचा, “अगोदर एक फोल्डर कर. आवाज त्यात टाक, शो त्यात टाक, आणि मगच आवाज जोड. सीडीवर नेशील तर अख्खं फोल्डर ने. नायतर नवरी मांडवात आणि मंगळसूत्र घरात.” आणि हाच भिकाजी शो एका फोल्डरात आणि आवाज दुसऱ्या फोल्डरात टाकून, सीडी रुमालात गुंडाळून, सकाळच्या एसटीने पोलादपूरला आला होता. चूक झाली होती की हाताने मुद्दाम केली होती, हे सांगणं कठीण. हाताचं सगळंच डोक्याला कळतं असं नाही.

“काय झालं रे भिक्या?” अजमलचा धाकटा भाऊ आदिल पहिल्या रांगेतून म्हणाला. आदिल बारा वर्षं मस्कतला राहून आला होता आणि यंत्र म्हटलं की सल्ला देणं आपलं काम आहे असं समजत होता. “वायर लूज असंल. हिला के देख.”

“वायर नाय.”

“मग स्पीकर गेला. अरे, चायना का माल हाय तो.”

नवरा मुलगा, ताबिश, शेरवानी सावरत उठून आला. कॉम्प्युटर त्याच्याच ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून आणलेला होता, त्याच्यावर एरवी ट्रकांच्या फेऱ्या लिहिल्या जात. “काका, म्यूट तर झालं नाहीये ना?” त्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा खालच्या कोपऱ्यातला कर्णा तपासला. नव्हतं झालं. “साउंड कार्डचा ड्रायव्हर असेल का?” भिकाजीने मान हलवली. ही मान हो म्हणते की नाही, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. सुटायची वाट तर समोर उघडीच पडली होती. हात जोडायचे, कॉम्प्युटरचा फॉल्ट म्हणायचं, दोन दिवसांनी दुरुस्त करून सीडी घरपोच देतो म्हणायचं, आणि मग ते दोन दिवस लांबवत लांबवत न्यायचे. इथल्या लोकांना कॉम्प्युटरच्या फॉल्टचं काही वाटत नाही, पावसाळ्यात लाईट जाते तसा कॉम्प्युटरही जातो. मघाशी पहिल्याच फोटोवर माहरुखचं नाव त्याने हौसेने देवनागरीत टाकलं होतं, ते इथे फॉन्ट नसल्यामुळे इंग्रजी अक्षरं, कंस आणि दोन ठिपके असं काहीतरी होऊन आलं, तर लोकांनी त्यालासुद्धा वाहवा म्हटली होती. ज्या लोकांनी ठिपक्यांना वाहवा म्हटली ते मुक्या अजमललाही म्हणतील. म्हण ना मग, भिकाजी. फॉल्ट म्हण. एवढाच तर शब्द.

तो शब्द जिभेच्या टोकावर घेऊन तो उगीचच सीडीचा खण उघडत होता, बंद करत होता. खण बाहेर यायचा, आत जायचा, आणि प्रत्येक वेळी त्याच्या डोळ्यांपुढे टेपच्या डेकचं झाकण उघडत होतं. महाडच्या बाजारात त्याचं रेकॉर्डिंग सेंटर होतं, आठ बाय सहाचं, तिथे दोन डेक शेजारी शेजारी असत. डाव्यात मूळ कॅसेट वाजे, उजव्यात नवी भरली जाई. ऐंशीच्या पुढच्या वर्षांत तालुक्यातली निम्मी तरणी पोरं आखातात, आणि पत्र लिहिणारी त्यातली थोडी. मग कॅसेटी चालू झाल्या. येणाऱ्या माणसाच्या हाती कॅसेट यायची, साबणाच्या वड्यांमध्ये नाहीतर खजुराच्या डब्यात घातलेली, आणि घरची माणसं ती घेऊन भिकाजीच्या दुकानात यायची. मग नवऱ्याचा आवाज त्या आठ बाय सहात घुमायचा. पावसाआधी कौलं चाळलीस का, म्हशीला खडकाळ रानात नेऊ नको, चुलतभावाला पैसे देऊ नको, खाडीवरच्या जमिनीचं बघ. बायको पदर तोंडावर धरून ऐकायची. भिकाजी पाठ करून कॅसेटींना लेबलं लावत बसायचा, कान मात्र मागे. आठवडाभर ती कॅसेट घरात ऐकली जायची आणि मग तिच्यावरच उत्तर भरलं जायचं. नवी कॅसेट घ्यायची रीत नव्हती. तीच जायची, तीच यायची. त्याच्या बोलण्यावर हिचं बोलणं, हिच्या बोलण्यावर त्याचं. नवरा बोलला ते बायकोने पुसलं आणि बायको बोलली ते नवऱ्याने पुसलं, आणि यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं, जेवून झालेली ताटं घासून पुन्हा मांडावीत तसं ते होतं. कॅसेटच्या कडेला दोन चिमुकल्या पट्ट्या असतात, त्या मोडल्या की वरून काही भरता येत नाही. कंपनीच्या गाण्यांच्या कॅसेटींना त्या मोडलेल्याच येत. आखातातली पोरं अशाच कॅसेटी स्वस्तात उचलत आणि त्या भोकांवर चिकटपट्टी लावून पाठवत, म्हणजे बायकोला उत्तर भरता यावं. अजमलच्या कॅसेटीलाही ती चिकटपट्टी होती. पिवळी पडलेली, कडेने धूळ धरलेली. ती भिकाजीने पाहिली होती. नुसती पाहिली होती असंही नाही, तिच्यावरून अंगठा फिरवला होता.

ती अजमलच्या बायकोने, रिझवानाने, महिन्याभरापूर्वी आणून दिली. अजमल गेला तेव्हा माहरुख दोन महिन्यांची होती. क्रेन पडली, तिकडेच दफन झालं, इकडे तार आली. रिझवाना तेव्हा बावीस वर्षांची. मग तिने शिवणाचं मशीन घेतलं, आणि त्या मशीनवर पोरगी बारावीपर्यंत शिकवली. भिकाजीला ती दुकानात येऊन बसली तेव्हाच दिसलं की बाई काहीतरी पोटात धरून आलीय. तिने रुमालाची गाठ सोडली, कॅसेट काढली आणि कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवली, पण हात काढून घेतला नाही. “शेवटच्या फोटोला हे लावा, भाऊ,” ती म्हणाली. “एकोणीस वर्षांत मी लावून पाह्यलं नाय. हिंमत झाली नाय. माहरुखने एकदा ऐकायला पायजे, दुसऱ्याच्या घरात रमायच्या आधी. यात काय हाय ते तुम्हाला—” आणि भिकाजी म्हणाला, “मला सांगता, भाभी? अजमल माझा लंगोटीयार. यात काय हाय ते तुमच्या अगोदर मला ठाऊक.” ती थांबली. मग म्हणाली, “तुम्ही ऐकूनच घ्या.” आणि तो तेव्हा तिला एक किस्सा सांगायला लागला होता, अजमलने आणि त्याने हिरकणीवाडीला एका साहेबाला रायगडाचा नकाशा म्हणून महाडच्या नळपाणी योजनेचा नकाशा कसा विकला त्याचा. ती हसली होती. हसून, उठून गेली होती. कुणी बोलताना मधे थांबलं तर त्या जागी आपला किस्सा टाकायचा, ही त्याची सवय. रिकामी जागा त्याला बघवत नाही. टेपवरची नाही, बोलण्यातली तर नाहीच.

आणि मग ती सकाळ. ती सकाळ त्याला इथेही, या हॉलातल्या अंधारात, तुपाच्या वासात, अंगावर चढत होती. डावा डेक केव्हाच मेला होता, उजवा चालत होता. त्याने अजमलला उजव्यात घातलं, डेकची वायर कॉम्प्युटरच्या मागे खुपसली, कॉम्प्युटरवर आवाज धरायचा प्रोग्राम लावला, आणि उजव्या हाताची दोन बोटं सवयीने गेली. सोळा वर्षं उजव्या डेकवर त्याची दोन बोटं एकदमच पडत आली होती, तर्जनी लाल बटणावर आणि मधलं बोट चालू करायच्या बटणावर, कारण उजव्या डेकवर फक्त भरायचंच असे. बोटांना दुसरं काही माहीतच नव्हतं. चक्र्या फिरू लागल्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची हिरवी रेघ सपाट राहिली. भिकाजी खूश झाला. म्हणजे तसं नाही, त्याला अडचण आवडते. अडचण आली की तो शहाणा होतो. त्याने कर्णा तपासला. म्यूट नव्हता. वायर माईकच्या भोकातून काढून शेजारच्या निळ्या भोकात घातली. रेघ सपाट. आवाजाच्या पट्ट्या उघडल्या, कुठली खाली आहे, कुठली वर, एकेक करून बघितली, वहीत लिहून ठेवलं, दुसऱ्या कुणाला सांगायला उपयोगी पडेल म्हणून. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायर बदलली. अजमल गळा साफ करायला वेळ घेत असेल असं वाटून मनातल्या मनात त्याला एक शिवीही दिली. अर्धा तास तो कॉम्प्युटरचे दोष काढत होता, आणि अर्धा तास त्याच्या कोपरापाशी डेकचा लाल दिवा जळत होता. चक्र्या फिरत होत्या, डेक काही न भरता भरत होता, आणि कॅसेटीवर जे काही होतं ते इंचाइंचाने रिकामं होत होतं. खटका पडला. बाजू संपली. तेव्हा त्याने मान वळवली.

त्यानंतर त्याने काय केलं ते त्याला नीट आठवत नाही. उलट बाजू लावून बघितली, तिथे अर्धवट कव्वाली होती, बाजारातली. मग पुन्हा ही बाजू. नुसती खरखर. त्याने कान स्पीकरला लावला. खरखरीच्या आड कुणीतरी आहे, पाण्याखालून बोलल्यासारखं, असं त्याला तीनदा वाटलं आणि तिन्ही वेळा तो त्याचा स्वतःचा श्वास निघाला. रिझवानाकडे जायला तो निघालाही होता. चप्पल घातली, गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. समोरून माहरुख येत होती, हातात लग्नाच्या पत्रिकांची पिशवी, म्हणाली, “काका, अम्मीने तुम्हाला अब्बाची कॅसेट दिली ना? त्यांचा आवाज कॉम्प्युटरमधे घातलात? खरंच?” आणि भिकाजी, ज्याने उभ्या जन्मात सरळ प्रश्नाला सरळ उत्तर दिलं नव्हतं, तो म्हणाला, “घातला ना.” एवढंच. मग त्याला घालावाच लागला.

अजमलचा आवाज त्याला येत होता. शाळेत असल्यापासून येत होता. वर्गात अजमलची हजेरी तोच देत असे. किंचित नाकातला, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा, मधेच खाकरणारा. माईकवर त्याने रुमाल बांधला, तोंडापुढे पत्र्याचा डबा धरला. कॉम्प्युटरचा आवाज धरायचा प्रोग्राम साठ सेकंदांवर थांबत असे, म्हणून सगळं साठ सेकंदांत बसवलं. खाली खरखर घातली ती त्याच कॅसेटची, पुसलेली, म्हणजे तेवढी तरी अस्सल. सात वेळा बोलला. पहिल्या वेळी भिकाजीच निघाला. तिसऱ्या वेळी अजमल आला, पण मेलेला. सातव्या वेळी असा आला की भिकाजीने मागे वळून बघितलं. काय बोलायचं ते मात्र ठरवावं लागलं नाही, ते आपोआप येत गेलं, किस्से येतात तसं. पोरगी कुणासारखी दिसते. नाव माहरुख ठेवलंस ते चांगलं केलंस. तिला शिकव. मी नसलो तर काळजी करू नको, भिक्या हाय, तो बडबड्या असला तरी मनाने सोनं हाय. हे शेवटचं वाक्य काढून टाकावं असं त्याला दोनदा वाटलं. काढलं नाही. अजमल तसं बोलला नसता असं थोडंच आहे.

“काका.” कनातीची कड कुणीतरी बाजूला केली. माहरुख उभी होती, मेंदीने लाल झालेले दोन हात कापडावर. “चालत नसेल तर राहू दे. खरंच. तुम्ही इतके घामाघूम नका होऊ.” मग थोडं थांबून, आवाज खाली घेऊन, “तसंही मी कधी ऐकलाच नाय त्यांचा. चांगला हाय का वाईट हाय ते मला काय कळणार?”

ती हे सांत्वन म्हणून बोलली होती, आणि भिकाजीला ते कुठे लागलं म्हणाल तर सगळीकडे. राहू दे म्हणतेय. सुटलास. आता फॉल्ट म्हणायचीही गरज नाही, पोरीनेच दार उघडून दिलंय, नुसतं बाहेर पड. तो खुर्चीवरून अर्धा उठलाही. पण उठताना त्याची नजर चादरीवर गेली, आणि अजमल तसाच, मोठ्या कॉलरचा, ओठ किंचित उघडे ठेवून थांबलेला, जणू बोलायची पाळी आलीय आणि कुणीतरी मधेच थांबवलंय. आदिल पुढे वाकून बसलेला, मस्कतचं सोन्याचं घड्याळ मनगटावर फिरवत. ताबिशचे म्हातारे वडील कानामागे हात धरून. आणि कनातीपलीकडे रिझवाना कुठे बसलीय ते त्याला दिसत नव्हतं, दिसत नव्हतं म्हणूनच जास्त जाणवत होतं. सांगून टाक, असं आत कुणीतरी म्हणालं. तुझ्या हाताने पुसलं म्हण. चारचौघांत म्हण, एकटीला सांगायचं धाडस तुला होणार नाही. आणि लगेच दुसरं कुणीतरी म्हणालं, सांगून काय देशील या पोरीला? आज तिच्याकडे काही नाही. सांगितलंस तर आपल्याकडे काही नाही हेही तिला कळेल. त्यापेक्षा साठ सेकंद घे, तुला चांगली येतात ती. हे दुसरं बोलणारा किती वर्षं त्याच्या आत बसून होता, कोण जाणे. त्याचा आवाज भिकाजीच्या आवाजाहून गोड होता.

“थांब गो,” भिकाजी माहरुखला म्हणाला. “भिकाजीने हातात घेतलेला आवाज कधी मुका राहिलाय?” तो बसला. सीडी आत ढकलली. दुसरं फोल्डर उघडलं. त्यातून आवाज उचलला, पहिल्यातून शो उचलला, दोन्ही मिळून ट्रान्सपोर्टच्या कॉम्प्युटरवर एका नव्या फोल्डरात ठेवले. करडा कर्णा पुसला, तिथेच नवा बसवला, पत्ता नीट दाखवला. फोटो आला की आपोआप वाजायचं, हे टिचकी मारून ठरवलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. हात अजिबात थरथरला नाही, आणि हेच त्याला खटकलं. “बघा, किती सोपं,” तो उगीचच ताबिशला म्हणाला. “लोकांना वाटतं यंत्र बिघडलं. यंत्र बिघडत नाय. पत्ता चुकतो.”

मग चादर काळी झाली, पुन्हा उजळली, अजमल पुन्हा आला, आणि खरखर सुरू झाली. सबंध हॉल त्या खरखरीत शिरला. कुणीतरी खाकरलं, म्हणजे अजमल खाकरला. “रिझवाना,” तो म्हणाला, “कशी हायस?” आणि आदिलने दोन्ही हात तोंडावर घेतले. पोरगी कुणासारखी दिसते, अजमलने विचारलं. कनातीपलीकडे एक बारीक हुंदका आला, तो तरुण होता, माहरुखचा. नाव चांगलं ठेवलंस, अजमल म्हणाला. ताबिशच्या वडिलांनी ‘सुभानल्ला’ म्हटलं. भिकाजी चादरीकडे बघत नव्हता, पडद्यावर सरकणाऱ्या सेकंदांकडे बघत होता, बावीस, तेवीस, आणि प्रत्येक सेकंदाला त्याच्या छातीत काहीतरी वर चढत होतं. भीती असावी, पण तिची चव गोड लागत होती. तीस. तिला शिकव. खरोखर, हा अजमलच होता. शेहेचाळीस. आपण कधी बोललो होतो हे? नाही, अजमलच बोलला होता, त्या अर्ध्या तासात पुसलं ते हेच असणार, दुसरं काय असणार, बाप आणखी काय बोलतो. भिक्या हाय, अजमल म्हणाला, तो बडबड्या असला तरी मनाने सोनं हाय. पुरुषांच्या बाजूला ओल्या डोळ्यांनी हसू फुटलं, आदिलने मागे वळून भिकाजीचा गुडघा दाबला, आणि भिकाजीच्या स्वतःच्याच डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, अगदी खरं. अठ्ठावन्न. साठ. खरखर तुटली. प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घुरघुरत राहिला. आदिल रडत रडत म्हणाला, “भाईजान. हुबेहूब भाईजान. भिक्या, तुझे उपकार—”

“भिकाजीभाऊ.” कनातीपलीकडून आवाज आला. मोठ्याने आला, हॉलाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाईल एवढा, आणि त्यात रडं नव्हतं. रिझवानाचा होता. “आवाज त्यांचा अगदी बरोबर काढलात. पण त्या कॅसेटीत ते नव्हतेच. पोरगी झाली तेव्हा मी त्यांच्यावरून उत्तर भरलं होतं. ते पाठवायच्या आत तार आली. त्या कॅसेटीत मी होते.”